हळू गा

चांदणी गेल्या वर्षीचीच,
पलंगाखाली दुमडून ठेवलेली.
एक टोक उंदरानं खाल्लेलं,
तिथं रूथनं डायपरच्या पुड्याचा पुठ्ठा कापून चिकटवला.
आता आमच्या गॅलरीत
चार टोकं लाल कागदाची
आणि पाचव्यावर
हसणाऱ्या कुणाच्या तरी बाळाचा अर्धा गाल.

शलोमी सात महिन्यांची.
चांदणी दाखवली तर वायरीकडं बघते,
वायर दाखवली तर माझ्या बोटाकडं.
बोट तोंडात घालते.
मी दचकून काढून घेतो.
दोनदा साबण, एकदा रॉकेल, परत साबण,
तरी नखांत शिरोलीची काळी वाळू उरतेच.
तिथं मी चौदाशे अंशांचं लोखंड साच्यात ओततो,
इथं टबातल्या कोमट पाण्यात
कोपर बुडवून बसून राहतो.
अंघोळ तिची हाय का तुझी? रूथ विचारते.

गेल्या नाताळात करंज्या दोनशे.
यंदा एकतीस.
बत्तिसावी लाटताना ही रडली,
ती पारी पोळपाटावरच वाळून
सकाळी पापडासारखी वाजली.
उरलेलं सारण आम्ही
बाटल्या उकळता उकळता
उभ्यानंच चमच्यानं खातो, रात्री दोनला.
याला सण म्हणायचं? ती.
म्हणायचं की. मी.

चोवीस तारखेला थंडी अशी पडली
की पंचगंगेवरनं उठलेलं धुकं
बावड्यात येऊन खालच्या दुकानाच्या पत्र्यावर बसलं.
शलोमीचं नाक चोंदलेलं.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर,
तव्यावरनं आधी माझ्या गालावर, मग तिच्या छातीवर.
देवळात जायचे कपडे खुर्चीवर तसेच:
माझा इस्त्रीचा शर्ट, रूथची मोरपंखी साडी,
आणि इतकासा स्वेटर,
माझ्या आईनं मिरजेत बसून अंदाजानं विणलेला,
एक बाही जरा लांब.
आम्ही गेलो नाही.
लग्नानंतर पहिल्यांदाच.
तिकडं घंटा झाली असेल,
इकडं आम्ही दोघं
एका नाकाचा आवाज ऐकत बसलो.

दीडला ती झोपली.
दोनला जिन्यावर पावलं.
गीतफेरी!
बारा-तेरा जण, मफलर, माकडटोप्या,
पुढं शमुवेलमामा, गळ्यात ढोलकी.
मंडपात माईक बंद पडला
तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा त्यांचा गळा.
मी दार बोटभर उघडलं
आणि ओठावर बोट ठेवलं.
मामांनी आत बघितलं.
पाळणा. विझवलेला दिवा. रूथचे हात जोडलेले,
प्रार्थनेला नव्हे, विनवणीला.
त्यांनी मफलर काढून ढोलकीला गुंडाळला.

मग ते गायले.
तेरा माणसं कुजबुजीत,
शब्द कमी, वाफ जास्त.
बाळ जन्मलंय
हे बाळाला कळू न देता सांगायचं होतं.

तिसऱ्या कडव्याला
रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर आला.
दोन ट्रॉल्या, चार कर्णे,
अख्ख्या बावड्याला हादरवत कारखान्याकडं.
तावदानं थरथरली. तेरा तोंडं उघडी ती उघडीच.
शलोमी उठली.
आम्ही श्वास धरला.
भिंतीवरनं हिरवे दिवे पळत गेले
आणि ती हसली,
पोट हलवून, पाय झाडून,
ट्रॅक्टरला.
आयला, मामा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.
मग आम्ही गळा कशाला आवळला?
मफलर सोडला.
त्यानंतर जे झालं
त्याबद्दल खालच्या घरमालकीणबाई अजून बोलत नाहीत.

एकतीस करंज्या तेरा जणांना पुरल्या,
पाच उरल्या.
सकाळी दार उघडलं
तर पायरीवर उसाचं एक कांडं,
ट्रॉलीतनं पडलेलं, कुणीतरी पुसून ठेवलेलं.
गाणाऱ्यांपैकी कोण, कळलं नाही.

तिला अजून दात नाहीत.
ठेव दारामागं, रूथ म्हणाली.